तो तूच आहेस

वह्या मिटा. मोबाइल सायलेंटवर नकोत, बंद हवेत, आणि बाकावर पालथे ठेवा म्हणजे मला दिसतील. आज कविता होणार नाही. ज्यांना त्याचा आनंद झालाय त्यांनी तो तासभर पोटातच ठेवावा, कारण मी आज जे बोलणार आहे ते ऐकायला गोड नाही.

गेल्या आठवड्यात याच वर्गात मी एका मुलीला उतारा वाचायला उभं केलं. ती यावल तालुक्यातून पुण्याला शिकायला आली आहे, वसतिगृहात राहते, आणि कॉलेजची पायरी चढलेली तिच्या घरातली पहिली मुलगी आहे. तिने छान वाचलं. अर्थ कळून वाचलं, विरामचिन्हं पाळून वाचलं, जे तुमच्यातल्या बहुतेकांना अजून जमत नाही. वाचताना दोन-तीन ठिकाणी तिच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ झाला, कारण तिच्या घरी, तिच्या गल्लीत तसंच बोलतात. कुणीतरी ते चोरून मोबाइलवर टिपलं, मागून गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडला आणि आपल्या कॉलेजच्या नावाने जे कन्फेशन पेज चालतं त्यावर रात्री टाकून दिलं. आणखी कुणीतरी तिच्याच फोटोवर तिच्या नावाचं खातं उघडलं आणि त्यावरून मुलांना घाणेरडे मेसेज पाठवले. खाली कुणी काय लिहिलंय ते मी सगळं वाचलं आहे, शेवटच्या ओळीपर्यंत. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली, तुम्ही तिच्याकडे बघून हसलात, आणि त्या रात्रीच्या गाडीने ती गावी निघून गेली.

कुणी केलं हे मी विचारत नाही. मला कळलेलं आहे. व्हिडिओ ज्या कोनातून घेतलाय त्या कोनात खिडकीकडच्या रांगेतले दोनच बाक येतात. आणि खालचे शेरे ज्यांनी लिहिले त्यांच्या वह्या मी पहिल्या वर्षापासून तपासते आहे. ‘आणि’तला ‘णि’ दीर्घ कोण काढतं, दर वाक्यानंतर तीन टिंबं कोण टाकतं, ‘म्हणून’ला ऱ्हस्व उकार कोण देतं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. दुसऱ्याच्या उच्चाराला गाढवाचा आवाज लावणाऱ्याला स्वतःला ‘आणि’ लिहिता येत नाही, हे मी त्या पानावर पाहिलं आणि मला चीड आली. २०१३ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाच्या नवख्या लेखकाची रहस्यकादंबरी आली होती. एका वृत्तपत्राला संशय आला, भाषेच्या अभ्यासकांनी संगणकावर त्या मजकुरातल्या शब्दांच्या सवयी तपासल्या, आणि गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटर लिहिणाऱ्या जे. के. रोलिंग आहेत हे उघड झालं. त्यांनी ते मान्यही केलं. आयुष्यभर लिहीत आलेल्या बाईला आपल्या वाक्यांची चाल लपवता आली नाही. तुम्ही खात्याला काहीतरी चमत्कारिक नाव दिलंत, चित्रपटातल्या खलनायकाचा फोटो लावलात, आणि समजलात की आता आपण कुणीच नाही.

तुमच्यातले दोघं मला येऊन भेटूनही गेले. एक म्हणाला, मॅडम, तिथे कुणी खरं नसतं, सगळी मजा असते. दुसरा म्हणाला, अकाउंट माझंच आहे, पण मी तसा मुलगा नाही, तुम्ही मला ओळखता ना.

हो, ओळखते. म्हणून तर बोलते आहे.

आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ तुम्ही नाट्यवाचनात केलं आहे. १९६२ सालचं नाटक, एका खऱ्या खटल्यावरून सुचलेलं. प्रभाकर पणशीकरांनी त्याचे हजारो प्रयोग केले. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. एकेक साक्षीदार येतो, फिरता रंगमंच फिरतो, आणि प्रत्येक साक्षीत तोच माणूस वेगळ्या नावाने, वेगळ्या पेहरावात, वेगळ्या बोलीत कुणाचं तरी घर बुडवताना दिसतो. कोर्ट विचारतं, हा तूच ना? तो शांतपणे नाकारतो. त्या नाटकात प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो तो वेषांतरामुळे येत नाही. नाकारताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही, त्यामुळे येतो. परवा तुम्ही दोघं माझ्यासमोर उभे होतात तेव्हा तुमच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. तुम्ही खोटं बोलत होतात असं मी म्हणत नाही. त्याहून वाईट गोष्ट आहे. तुम्हाला ते खरंच वाटत होतं. रात्री साडेअकरा वाजता ज्या अंगठ्याने ते लिहिलं तो अंगठा दुसऱ्या कुणाचा होता, असं तुम्ही स्वतःला पटवलेलं आहे.

वागणं जागेप्रमाणे बदलतं, हे मला मान्य आहे. मी इथे बोलते तशी घरी बोलत नाही. माहेरी वेगळी असते, बँकेच्या रांगेत वेगळी असते. अर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५६ साली यावर पुस्तक लिहिलं. माणूस चारचौघांत जणू रंगमंचावर असतो आणि आतल्या खोलीत रंगपटात, असं त्याचं म्हणणं. त्यावेळी इंटरनेट नव्हतं, तरी माणसं दोन चेहरे ठेवत होती. त्यात पाप काही नाही. पण स्वयंपाकघरात मी मुलावर नको तेवढी ओरडले, तर सकाळी उठून ‘ती स्वयंपाकघरातली बाई होती, मी नव्हते’ असं मला म्हणता येत नाही. त्याच्याजवळ जाऊन बसावं मलाच लागतं. कितीही चेहरे ठेवा. प्रत्येक चेहऱ्याने केलेल्या कामाचा जाब द्यायला माणूस एकच असतो आणि त्याने हजर व्हायचं असतं.

तुमची समजूत अशी आहे की खरे तुम्ही म्हणजे वर्गातले. ‘मॅडम, आत येऊ का’ विचारणारे, गुरुपौर्णिमेला वाकून नमस्कार करणारे, पाहुण्यांपुढे आईला हातभार लावणारे. आणि मोबाइलमधले ते कुणीतरी उपरे. मी तुमची परीक्षा उलट बाजूने घेते. माझ्यासमोर तुम्ही नीट वागता कारण माझ्या हातात अंतर्गत गुण आहेत. आईसमोर नीट वागता कारण जेवण तिच्या हातात आहे. जिथे कुणाच्याच हातात काही नाही, जिथे नावही विचारत नाहीत, तिथे तुम्ही जे करता ते निव्वळ तुमच्या मनाने केलेलं असतं. कुणी भाग पाडलेलं नसतं, कुणाची भीती नसते. मग त्याला खोटं कसं म्हणू? तुमच्याबद्दल मला आजवर मिळालेला सगळ्यात खरा पुरावा तोच आहे.

मी चिडले की अभ्यासाला बसते, तशी या आठवड्यात बसले. मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. हैफा विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या आणि त्यांना संगणकावरून एका पेचप्रसंगावर चर्चा करायला सांगितली. काहींची नावं एकमेकांना माहीत होती, काहींची नव्हती. काही एकमेकांना दिसत होते, काही नव्हते. आणि काहींना एकमेकांच्या डोळ्यांत बघता येईल अशी सोय केली होती. कोण जास्त घाणेरडं बोललं? नाव लपलेले, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं असतं. पण सगळ्यात मोठा फरक पाडला तो डोळ्यांनी. डोळ्याला डोळा नव्हता तिथे जीभ सुटली.

आता मला सांगा, तिच्या डोळ्यांकडे कुणी पाहिलं होतं? दुसऱ्या दिवशी ती त्या दारातून आत आली तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून तारीख लिहीत होते. वळले तेव्हा तुम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतात. तिच्या चेहऱ्याकडे एकही जण बघत नव्हता. त्या क्षणी तुमच्यासमोर ती हाडामांसाची उभी होती आणि तरी तुम्ही तिच्याकडे मोबाइलमध्ये बघितल्यासारखंच बघितलंत. म्हणजे तिथली सवय इथे आली. तिथलं वागणं तिथेच राहतं, इकडे काही लागत नाही, हा तुमचा दावा तिथेच संपला.

अशीच विशीच्या आसपासची मुलं होती, १ जानेवारी २०२२ ला जे ‘बुल्ली बाई’ प्रकरण उघडकीला आलं त्यात. शंभरावर मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांना न विचारता उचलले. त्यात पत्रकार होत्या, समाजात उभं राहून बोलणाऱ्या बायका होत्या. एका अ‍ॅपवर त्यांचा लिलाव मांडला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने आणि दिल्ली पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे काही खात्यांना मुद्दाम शीख वाटतील अशी नावं दिली होती, म्हणजे आपण केलेल्या घाणीचा आळ दुसऱ्याच समाजावर जावा. माझ्या डोळ्यांसमोर ते विद्यार्थी येतात. दिवसा प्रॅक्टिकलला बसणारे, जर्नल पूर्ण करणारे. तुम्हाला वाटतंय बाई कुठून कुठे गेल्या, गाढवाचा आवाज कुठे आणि ते कुठे. अंतर आहे, मान्य. पण रस्ता तोच आहे, आणि तुम्ही त्यावर चालायला लागला आहात, म्हणून मी आडवी आले आहे. तिच्या नावाने ज्याने खातं उघडलं, त्याच्यासाठी तर अंतर फारसं उरलेलंही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी ही कलमं काढून वाच. दुसऱ्याची ओळख चोरणं आणि दुसरा असल्याचं भासवून फसवणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तू अठरा पूर्ण केली आहेस, मतदार यादीत नाव आहे तुझं. ‘लहान आहे हो’ म्हणायला तुझे वडील आले तर मी त्यांनाही हेच वाचून दाखवीन.

तुमच्यातला एक हुशार मला म्हणाला, मॅडम, टोपणनावं तर तुम्हीच आम्हाला शिकवता. कुसुमाग्रज, केशवसुत. मग आम्ही घेतलं तर काय बिघडलं?

हा प्रश्न चांगला आहे आणि त्याला मी नीट उत्तर देणार आहे. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने १०८ पत्रं लिहिली. ते सरकारी नोकरीत होते. त्या पत्रांत त्यांनी कुणाला झोडपलं? आपल्याच जातीतल्या भटभिक्षुकांना, सरदारांना, विद्येचा मक्ता घेऊन बसलेल्यांना. स्वतःच्या घराकडे तोंड करून आणि आपल्याहून जोरात असलेल्यांना. राम गणेश गडकरी कविता ‘गोविंदाग्रज’ म्हणून लिहीत, विनोद ‘बाळकराम’ म्हणून, आणि नाटकं स्वतःच्या नावाने. एका माणसाची तीन दालनं, आणि कुठल्याही दालनात त्यांनी केलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं नाही. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ होऊन लिहीत. थट्टा करत ती साहित्यातल्या बड्या बड्या लोकांची. एसटीने आलेल्या पोरीची नव्हे. आणि हे सगळं जिथे छापून येई तिथे खाली मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं असत, कारण कायद्याने ती छापावीच लागत. लेखकाने पडदा घेतला तरी त्या मजकुरासाठी कोर्टात उभा राहणारा एक माणूस नावानिशी, पत्त्यानिशी हजर होता. तुमच्या पेजच्या मागे कोण आहे? सांगा. कुणी हजर आहे का?

लपून बोलावं लागणारी माणसं आजही आहेत, आणि त्यांच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. साहेबाने त्रास दिलेली बाई आहे. घरी सांगता येत नाही असं प्रेम असलेला मुलगा आहे. आडनाव सांगितलं की भाड्याची खोली मिळत नाही असा माणूस आहे. त्यांनी नाव झाकलं तर ते त्यांचं चिलखत आहे. बळकटापासून वाचायला दुबळ्याने नाव झाकणं वेगळं, आणि दुबळ्याला मारायला बळकटाने झाकणं वेगळं. तुम्ही सत्तर जण होतात, ती एकटी होती. चिलखत कुणी घालायला हवं होतं?

आणि जिला लपायचा पूर्ण अधिकार होता अशी एक मुलगी याच पुण्यात होऊन गेली. मुक्ता साळवे. मांग समाजातली, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली, चौदा-एक वर्षांची. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि साऱ्या पुण्याच्या भिक्षुकशाहीला सवाल केला. स्वतःच्या नावाने लिहिला. तेव्हाच्या पुण्यात ते नाव छापून येण्याची किंमत काय असू शकत होती याचा विचार करा. तुमच्या वयाहून पाच वर्षांनी लहान होती ती.

आता ज्यांना वाटतंय की आपण त्या पेजवर नाही, आपल्याला काही लागू नाही, त्यांनी मान वर करा.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, तुमच्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या स्टेटसवर कुसुमाग्रज होते. काहींच्या स्टेटसवर ज्या ओळी होत्या त्या कुसुमाग्रजांच्या नव्हत्याच, कुणीतरी त्यांच्या नावावर खपवलेल्या होत्या, आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही त्यांना वाचलेलंच नाही. मी दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन देवघेवीची वही पाहिली. या वर्गातल्या एकानेही ‘विशाखा’ नेलेलं नाही. १९४२ सालचं पुस्तक, आपल्याकडे त्याच्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही कपाटात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा तुम्ही ढोल वाजवलेत, भगवे फलक टाकलेत. मी तुमच्यावर खूश झाले होते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात झाडू हातात धरून नदीकाठी फोटो काढलेत, आणि फोटो झाल्यावर झाडू तिथेच टाकून वडापाव खायला गेलात, कागदासकट. त्या दिवशी मी गप्प बसले, म्हटलं भूक लागली असेल.

पण एका गोष्टीवर मी गप्प बसणार नाही. तुमच्यातल्या किमान दहा जणांनी बहिणाबाई चौधरींच्या ओळी स्टेटसला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. महिला दिनाला, मातृदिनाला, पाऊस पडला की. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपाशी जे सुचे ते म्हणत, आणि जवळची माणसं ते टिपून ठेवत. त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती गाणी अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. ते उघडून बघा. पानापानावर ‘ळ’च्या जागी ‘य’ आहे. ती खानदेशातली, लेवा समाजाची घरची बोली आहे, तिच्यातच ती कविता जन्मली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्या बाईचं नाव आहे. तुमच्या वर्गात त्या बोलीची एक जिवंत मुलगी आली. ज्या बोलीवर तुम्हाला दहा गुणांचा प्रश्न येतो, जी बोली तुम्ही फुलांच्या चित्रावर लिहून मिरवता, तीच बोली तिच्या तोंडून ऐकल्यावर तुम्ही तिला गाढव केलंत. ज्याने ते केलं त्याच्या खात्यावर महिला दिनाच्या बहिणाबाई अजून तशाच आहेत. मी बघितलं. वर बहिणाबाई, आणि दुसऱ्या खात्यावरून ही मुलगी. दोन्हीकडे हात एकच.

हे मला जास्त लागलं. खोटं नाव घेऊन शिवी दिली, यात निदान शरम शिल्लक आहे. आपलं नाव त्याला लागू नये इतकं तरी कळतंय. पण स्वतःच्या नावाने जे प्रेम दाखवता, मातीचं, भाषेचं, आईचं, ते दाखवून झालं की कर्ज फिटल्यासारखे मोकळे होता. स्टेटस चोवीस तासांनी जातं, आणि त्याबरोबर तुमचं देणंही गेलं असं तुम्हाला वाटतं. भाषेवर प्रेम असतं तर त्या दिवशी तिच्या वाचनानंतर तुमच्यातल्या एकाने तरी विचारलं असतं, तुमच्याकडे याला काय म्हणतात गं?

शेवटच्या बाकावरच्या, तू उभा राहा. नाव घेत नाही मी, पण उभा राहा.

तुझ्याबद्दल मला काय कळलं ते मी या सगळ्यांना सांगणार आहे, तुला संकोच झाला तरी. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मुलं अडकतात. उत्पन्नाचा दाखला चढत नाही, आधार जुळत नाही, मुदत संपत आलेली असते. एका ग्रुपवर हा मुलगा रात्री एक-एक वाजेपर्यंत अनोळखी मुलांना पायरी पायरीने सांगत बसतो. कुणाच्या ओळखीची नाहीत ती मुलं, गडचिरोलीची, नंदुरबारची. तिथेही याचं खरं नाव नाही. वर्गात हा तोंड उघडत नाही. मला गेल्या वर्षापर्यंत याचा आवाजसुद्धा ओळखता आला नसता. आणि तो व्हिडिओ आला त्या रात्री त्याने काय केलं? पेजकडे तक्रार नोंदवली, आपल्या टोपणनावाने खाली लिहिलं की हे चुकीचं आहे, काढा. सकाळी वर्गात आला, ती आत आली, सगळे हसले, आणि हा आपल्या वहीत बघत बसला.

तू चांगला मुलगा आहेस. म्हणूनच तुला बाकीच्यांहून जास्त बोलते आहे. ते म्हणतात, वाईट केलं तो मी नव्हे. तू म्हणतोस, चांगलं केलं तो मी नव्हे. अरे, तोही तूच आहेस! तिला त्या दिवशी एका टोपणनावाची गरज नव्हती, शेजारच्या बाकावरून ‘बस इथे’ म्हणणाऱ्या माणसाची गरज होती. एवढी हिंमत तुझ्यात आहे हे मला तुझ्या रात्रींवरून कळलंय. ती दिवसा आण. बस खाली.

आणि ज्यांनी फक्त हसण्याचं चिन्ह टाकलं, त्यांनी इतकं निवांत बसू नये. तुम्ही वाहून नेलंत म्हणून ते वसतिगृहातल्या तिच्या खोलीपर्यंत पोचलं.

एक क्रिकेटचं सांगते, कारण बाकी काही नाही तरी ते तुमच्या लक्षात राहील. २ जून २०२१. ऑली रॉबिन्सन इंग्लंडकडून लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळायला उतरला. लहानपणापासून ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस. त्याच दिवशी त्याने २०१२-१३ मध्ये, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना केलेली ट्वीट्स वर आली. वर्णावरून, धर्मावरून, बायकांवरून हीन बोललेला होता तो. त्याने सामन्यात सात बळी घेतले आणि सामना संपताच त्याला निलंबित केलं गेलं. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. जुनं कधीतरी वर येतं हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तर तुम्ही खोटी खाती काढता. मला सांगायचंय ते वेगळं आहे. पहिल्या दिवसाचा खेळ संपल्यावर, ज्या दिवशी सगळं जग त्याच्यावर तुटून पडलं होतं, त्या दिवशी रॉबिन्सन कॅमेऱ्यासमोर आला आणि म्हणाला की हे मी लिहिलं, मला लाज वाटते. खातं हॅक झालं होतं, मित्राने लिहिलं, यातलं काही बोलला नाही. शिक्षा भोगली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याविरुद्ध पुन्हा गोलंदाजीला उभा होता. ज्याने लिहिलं तो मीच, हे कबूल केल्याशिवाय आता मी तसा नाही, हे म्हणायचा हक्कच मिळत नाही. तुम्हाला सुधारायचं असेल तर सुधारणारा कुणीतरी हवा ना? तुम्ही म्हणता, करणारा दुसराच होता. मग सुधारू कुणाला मी?

तुमच्यावर माझा राग आहे आणि तो आज उतरणार नाही. पण मी हे प्रकरण थेट प्राचार्यांच्या टेबलावर टाकून मोकळी झाले नाही, यातून काय समजायचं ते समजा. दुसऱ्याचं नाव लावून खातं उघडलं, त्याची गोष्ट वेगळी. ते माझ्या हातात नाही, तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या हातात आहे, आणि त्यांनी तक्रार केली तर मी तिच्या बाजूने साक्षीला जाईन. हे तू आत्ताच ऐकून ठेव.

बाकीच्यांनी काय करायचं ते लिहून घ्या. ते पेज चालवणाऱ्याने आज संध्याकाळी सहाच्या आत पेज बंद करायचं. व्हिडिओ ज्याच्या ज्याच्या मोबाइलमध्ये आहे त्याने पुसायचा, आणि ज्याला पुढे पाठवलाय त्यालाही पुसायला सांगायचा, त्याच्या समोर बसून. मी उद्या विचारणार आहे. ज्यांनी खाली लिहिलं त्यांनी एका कागदावर, स्वतःच्या हाताने, काय लिहिलं होतं ते शब्द न बदलता उतरवायचं आणि खाली पूर्ण नाव लिहून माझ्याकडे आणायचं. टाइप करून नको. मी तो कागद कुणाला दाखवणार नाही. तुमच्या अक्षरात ते वाक्य एकदा तुम्हाला दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी.

तिच्या गावी कुणी जायचं नाही, तिला फोन करायचा नाही. मी तिच्या आईशी बोलले आहे. तुमची माफी तिला हवी आहे का, हे ती ठरवेल. ती परत आली आणि ऐकायला तयार असली, तर या वर्गात, तिच्या डोळ्यांत बघून, एकेकाने उभं राहून म्हणायचं. नसली, तर तो कागद माझ्याकडे राहील आणि तुम्ही तसेच राहाल, त्याला माझा इलाज नाही. आणि माफी मागितल्याची स्टोरी कुणी टाकली, तिला टॅग केलं, हात जोडलेलं चिन्ह लावलं, तर ती माफी मी धरणार नाही.

मोबाइल उचला. खिडकीकडची रांग थांबेल, बाकीच्यांनी जा.